करिअरचं ध्येय लिहून काढायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं?

एखाद्या करिअर मार्गदर्शनाच्या कार्यशाळेत तुम्ही कधी बसला असाल, तर ही गोष्ट कानावर आलीच असेल. १९५३ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणे विचारलं गेलं, तुमचं ध्येय तुम्ही लिहून काढलंय का? फक्त ३ टक्के मुलांनी 'हो' म्हटलं. २० वर्षांनी सगळ्यांना पुन्हा गाठलं, तर त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त निघाली. इथे वक्ते क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "चला, काढा वह्या."

मीही काढली होती. इतकंच नाही, पुढे एम.ए.च्या मुलांसमोर बोलायची वेळ आली तेव्हा हीच गोष्ट मीही रंगवून सांगितली. तास संपल्यावर एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, हा पेपर कुठे मिळेल? मला सिनॉप्सिसमध्ये वापरायचाय."

मी म्हटलं, "पाठवते."

तो पेपर मी अजून पाठवलेला नाही, कारण असा पेपरच नाही. पण तिच्या त्या प्रश्नामुळे मी या विषयावरचं खरं संशोधन वाचायला बसले, आणि तेव्हा लक्षात आलं की माझी स्वतःची एक मोठी चूकही याच गोष्टीशी जोडलेली आहे. आजचा लेख त्या दोन्हींबद्दल.

आधी गोष्ट तपासू

१९९६ मध्ये 'फास्ट कंपनी' या अमेरिकी मासिकाने येलच्या या अभ्यासाचा माग काढला होता. व्यासपीठावरून ही गोष्ट सांगणाऱ्या नामवंत वक्त्यांना मूळ विचारलं, तर त्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. येलमध्ये चौकशी केली, तिथेही असा अभ्यास झाल्याचा पुरावा सापडला नाही.

याच गोष्टीची एक हार्वर्ड आवृत्तीही फिरते. तिच्यात १९७९ सालचे एमबीएचे विद्यार्थी आहेत, आणि १९८९ मध्ये, म्हणजे १० वर्षांनी, ध्येय लिहून ठेवलेले ३ टक्के इतरांच्या दसपट कमावत होते असं सांगतात. आधार म्हणून मार्क मॅककॉर्मॅक यांच्या एका गाजलेल्या पुस्तकाचं नाव घेतलं जातं. ते पुस्तक निघालं १९८४ साली. आता १९८४ च्या पुस्तकात १९८९ चा निकाल कुठून येणार? हे पकडायला कुठल्या डेटाबेसची वर्गणी लागत नाही. पुस्तकाचं साल बघितलं की झालं.

आणि घटकाभर धरून चालू की ही गोष्ट खरी आहे. तरी तिच्यावरून 'लिहिल्यामुळे श्रीमंत झाले' असं म्हणता येईल का? विशीतच आयुष्याचा आराखडा लिहिणारी मुलं कोण असतील? कदाचित ज्यांच्या घरी धंदा आहे, ओळखी आहेत, पुढची वाट आधीच आखलेली आहे अशी. म्हणजे लिहिणं हे कारण नसून लक्षण असू शकतं. संशोधनाच्या तयारीत असाल तर ही सवय आत्ताच लावून घ्या: आकडा जितका गोड, तितका तो आधी मुळाशी जाऊन तपासायचा, आणि मग विचारायचं, 'याचं दुसरं काही कारण असू शकेल का?'

मग लिहून काही होतं का?

होतं. पण गोष्टीतल्यासारखं जादूने नाही.

कॅलिफोर्नियातल्या डोमिनिकन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ गेल मॅथ्यूज यांनी नेमका हाच प्रश्न घेऊन एक प्रयोग केला. वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांचे ५ गट केले. पहिल्या गटाने पुढच्या ४ आठवड्यांतल्या ध्येयाचा फक्त मनात विचार करायचा. दुसऱ्याने ते लिहायचं. तिसऱ्याने त्यासाठी काय काय करणार तेही लिहायचं. चौथ्याने हे सगळं एका मित्राला पाठवायचं. पाचव्याने त्याच मित्राला दर आठवड्याला प्रगती कळवायची. शेवटपर्यंत टिकले १४९ जण. लिहिणारे गट न लिहिणाऱ्यांच्या पुढे होते, आणि सगळ्यात पुढे होता पाचवा गट.

या प्रयोगाच्या मर्यादाही बघा. किती साध्य झालं हे लोकांनी स्वतःच सांगितलं होतं, मुदत फक्त ४ आठवडे होती, आणि मधेच गळालेलेही बरेच होते. म्हणून एवढ्या एकाच अभ्यासावर विसंबू नका. पण २०१६ साली 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये हार्किन आणि सहकाऱ्यांनी १३८ अभ्यास एकत्र करून बघितले. सहभागी लोक जवळजवळ २० हजार. निष्कर्ष असा की आपण ध्येयाच्या दिशेने किती सरकलो याची वेळोवेळी नोंद ठेवायला लावली, तर ध्येय गाठण्याचं प्रमाण वाढतं. ती नोंद प्रत्यक्ष लिहून ठेवली किंवा दुसऱ्यासमोर मांडली, तर परिणाम आणखी मोठा.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवा. वहीत एकदा लिहून वही मिटली, तर मिळतं ते थोडं. मोठा हिस्सा पुन्हा पुन्हा वही उघडण्यात आणि कोणाला तरी ती दाखवण्यात आहे. कार्यशाळेत "काढा वह्या" म्हणतात, पण "पुढच्या शुक्रवारी पुन्हा उघडा" असं कोणी म्हणत नाही.

नेमकं आणि अवघड: ट्रकवाल्यांचा धडा

ध्येयाविषयीच्या संशोधनात दोन नावं टाळताच येत नाहीत, एडविन लॉक आणि गॅरी लेथम. लॉक यांचा पायाभूत लेख १९६८ चा, आणि दोघांचं मिळून मोठं पुस्तक १९९० चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की 'जमेल तेवढं कर' म्हटलं की माणूस कमी करतो. नेमकं आणि अवघड ध्येय दिलं की जास्त करतो. अर्थात ते ध्येय त्याला मान्य असायला हवं आणि तेवढी क्षमता हवी.

लेथम आणि बाल्ड्स यांचा १९७५ चा एक अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेत लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकवाले कायद्याने जेवढं वजन भरता येतं त्याच्या साधारण ६० टक्केच भरत होते. त्यांना आधी 'शक्य तेवढं भरा' एवढंच सांगितलेलं होतं. मग सांगितलं, 'मर्यादेच्या ९४ टक्के भरा.' काही महिन्यांत भार ९० टक्क्यांच्या पुढे गेला. पगार तोच, ट्रक तेच. बदललं फक्त ध्येयाचं वाक्य.

हे वाचलं की आपल्याला वाटतं, सापडलं उत्तर! नेमकं लिहायचं, मोठं लिहायचं. मीही तेच केलं होतं.

माझा कागद

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी लिहिलेला कागद असा होता:

'३ वर्षांत थीसिस. ५ पेपर. परदेशात एक परिषद. त्यानंतर सहायक प्राध्यापक.'

नेमका होता, अवघड होता, शिवाय टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता. लॉक-लेथम यांनी पाहिला असता तर कदाचित पाठ थोपटली असती.

माझा विषय आहे ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बीडसारख्या जिल्ह्यांतली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला एक 'कोयता' म्हणतात. बरोबर मुलंही जातात. कारखान्याचं गाळप संपलं की मार्च-एप्रिलकडे परत येतात. मधल्या काळात मुलाचं नाव गावच्या शाळेच्या पटावर असतं आणि मूल फडावर असतं. मला हवं होतं ते निघण्याआधी गावात जाऊन कुटुंबांना भेटणं, आणि नंतर त्यांच्या मागोमाग कारखान्यावर जाणं.

त्यासाठी गाइडची सही, संशोधनाच्या नैतिकता समितीची मंजुरी, शाळेची परवानगी, सगळं भाद्रपद संपायच्या आत व्हायला हवं होतं. पण भिंतीवर '५ पेपर' होते. मी ऑगस्ट आणि सप्टेंबर सरकारी आकडेवारीवरून एक पेपर लिहिण्यात घालवला. अर्ज 'या आठवड्यात करते' म्हणत राहिले. गावात पोचले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. वस्तीतल्या बहुतेक घरांना कुलपं. एका ओट्यावर आजी बसल्या होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "पोरं कवाच गेली. आता पाडव्याला या."

पाडवा म्हणजे ५ महिने. आणि निघण्याआधीच्या मुलाखतींसाठी तर थेट पुढचा दसरा. पेपरही परीक्षकांकडून परत आला, तो भाग वेगळा. भिंतीवरच्या कागदात एकही चुकीचं वाक्य नव्हतं, आणि त्यानेच माझं एक वर्ष खाल्लं.

नेमकं काय चुकलं, हे नंतर संशोधन वाचताना उलगडलं. दोन गोष्टी होत्या.

पहिली: संशोधन म्हणजे ट्रक भरणं नव्हे

ट्रक कसा भरायचा हे ट्रकवाल्याला माहीत होतं. फक्त जोर लावायचा बाकी होता. पण जे काम करायचं कसं हेच अजून माहीत नाही, तिथे काय होतं?

१९८९ मध्ये रूथ कॅन्फर आणि फिलिप अ‍ॅकरमन यांनी अमेरिकी हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना विमानवाहतूक नियंत्रणाचं काम संगणकावर शिकायला दिलं. ज्यांना अगदी सुरुवातीलाच अवघड ध्येय दिलं, त्यांचं काम उलट बिघडलं. काम थोडं हातात बसल्यावर ध्येय दिलं तेव्हा मात्र त्याचा फायदा झाला. कारण सोपं आहे. शिकताना सगळं लक्ष कामाकडे हवं असतं. त्यातलं निम्मं 'किती झालं, किती राहिलं' यात गेलं तर शिकणार कशाने?

लेथम यांनी स्वतःच पुढे सहकाऱ्यांबरोबर यावर काम केलं. काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तेव्हा परिणामाचं ध्येय बाजूला ठेवा आणि शिकण्याचं ध्येय ठेवा, असं त्यातून दिसलं. 'अमुक टक्के मिळवायचे' याऐवजी 'हे करायचे इतके मार्ग शोधून काढायचे.'

आता माझा कागद पुन्हा वाचा. थीसिस, पेपर, परिषद, नोकरी, चारही परिणाम. मला काय शिकायचंय, काय शोधायचंय, याची एक ओळ नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला 'पेपर किती' हे ध्येय देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला घड्याळ लावून सोडणं.

त्याऐवजी असं लिहिता आलं असतं: 'स्थलांतराच्या काळात मूल शाळेपासून नेमकं कधी आणि कसं तुटतं, हे बघायचे किमान ४ मार्ग शोधायचे, आणि त्यातले २ एका गावात करून बघायचे.' हेही नेमकं आहे, अवघड आहे, आकडाही आहे. पण हे ध्येय मला पेपर लिहायला टेबलाशी बसवत नाही, गावात पाठवतं.

दुसरी: 'या आठवड्यात करते' ही वेळ नव्हे

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं सगळं काम याच फटीवर आहे. माणसाचा इरादा पक्का असतो आणि तरी काम होत नाही, असं का?

१९९७ च्या एका अभ्यासात त्यांनी आणि ब्रँडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना एक काम दिलं. नाताळची संध्याकाळ कशी गेली, याचा अहवाल ४८ तासांच्या आत लिहून पाठवायचा. म्हणजे आपल्याकडे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी असाइनमेंट मागण्यासारखं. निम्म्यांना एवढंच सांगितलं. उरलेल्यांकडून आधी लिहून घेतलं, की तुम्ही कधी आणि कुठे बसून हे लिहाल. पहिल्या गटातल्या साधारण तिघांपैकी एकाने अहवाल वेळेत पाठवला. दुसऱ्या गटात हे प्रमाण चारातल्या तिघांच्या आसपास गेलं. काम तेच, सण तोच. फरक फक्त 'कधी आणि कुठे' एवढ्या ओळीचा.

पुढे २००६ मध्ये गोल्विट्झर आणि शीरन यांनी असे ९४ अभ्यास एकत्र केले. 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा साच्यात योजना लिहिण्याचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. यामागचं तर्कशास्त्र घरगुती आहे. 'व्यायाम करायचा' हे रोज ठरवावं लागतं. 'दूध तापत ठेवलं की सूर्यनमस्कार' हे ठरवावं लागत नाही, दूधच आठवण करून देतं.

माझ्या बाबतीत ती ओळ अशी असायला हवी होती: 'गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता विभागात जाऊन समितीचा अर्ज देणार. गाइड बाहेरगावी असतील तर आधीच्या सोमवारी सही घेऊन ठेवणार.' ५ पेपरपेक्षा ही ओळ किती लहान दिसते! पण माझं वर्ष तिच्यावर अडलं होतं.

सांगायचं कोणाला?

इथे एक गंमत आहे. वर मी म्हटलं की दुसऱ्याला दाखवल्याने फायदा होतो. पण २००९ मध्ये गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांसह काही प्रयोग केले, त्यात उलटं दिसलं. ज्यांचा 'मला चांगला वकील व्हायचंय' हा इरादा दुसऱ्या कोणीतरी वाचला आणि त्याची दखल घेतली, त्यांनी नंतर प्रत्यक्ष कामात कमी कष्ट घेतले. जणू लोकांनी दखल घेतली तेव्हाच निम्मं वकील झाल्यासारखं वाटलं.

मग खरं काय? दोन्ही. फरक काय सांगितलं यात आहे. 'मी संशोधक होणार' ही ओळख सांगितली की कौतुक आधीच पदरात पडतं. 'गेल्या आठवड्यात ३ मुलाखती ठरल्या होत्या, १ झाली' ही प्रगती सांगितली की पुढच्या आठवड्याचं काम समोर येतं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर 'लवकरच डॉक्टर' टाकण्याऐवजी एका बॅचमेटला दर शुक्रवारी तीन ओळी पाठवा: काय ठरलं होतं, काय झालं, पुढे काय. बॅचमेट असा निवडा की जो 'वा वा' म्हणणार नाही आणि टोमणेही मारणार नाही, फक्त विचारेल, "मग दुसरी मुलाखत का राहिली?"

आपल्याकडची घड्याळं

हे सगळं संशोधन बाहेरचं आहे. आपल्याकडे पीएच.डी. करणाऱ्याच्या डोक्यावर काही ठरलेली घड्याळं टिकटिकत असतात, आणि ती कागदावर यायलाच हवीत.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्याहून २ वर्षं अधिक सवलत देता येते. प्रत्येक सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीसमोर, म्हणजे आरएसीसमोर, प्रगती मांडावी लागते. बरेच जण आरएसीला परीक्षा समजून घाबरतात. वर सांगितलेला १३८ अभ्यासांचा निष्कर्ष आठवा: लिहिलेली प्रगती दुसऱ्यासमोर मांडणं, हेच तर तिथे होतं. फक्त ते ६ महिन्यांतून एकदा होतं, मधल्या शुक्रवारांची सोय आपली आपण करायची.

दुसरं घड्याळ पैशाचं. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली २ वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये, अधिक घरभाडे भत्ता, असे दर जानेवारी २०२३ पासून आहेत. फेलोशिपचा एकूण काळ ५ वर्षं. म्हणजे बघा, मुदत ६ वर्षांची आणि पैसे ५ वर्षांचे. शेवटच्या वर्षाचं भाडं कोण भरणार हा प्रश्न पहिल्या वर्षीच लिहून ठेवायचा असतो. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपकडे बघत असाल तर त्यांच्या अटी आणि कालावधी चालू जाहिरातीत वाचूनच वहीत उतरवा, ऐकीव माहितीवर नको.

तिसरं घड्याळ तुमच्या विषयाचं. माझा ऊसाचा हंगाम. तुमचा कदाचित पावसाळ्यातल्या पाण्याच्या नमुन्यांचा असेल, शाळांच्या वार्षिक परीक्षांचा असेल, एखाद्या यंत्रावर मिळणाऱ्या तारखेचा असेल, वारीचा असेल. हे घड्याळ कुठल्याच नियमावलीत छापलेलं नसतं, आणि तेच सगळ्यात कठोर असतं.

तर मग कागद कसा असावा?

मी आता एकाच पानावर पाच ओळी लिहिते. दर ३ महिन्यांनी नवं पान.

१. मला काय शोधायचंय किंवा शिकायचंय? परिणाम नको, प्रश्न लिहा. 'पेपर' हा शब्द या ओळीत आला तर खोडा.

२. ३ महिन्यांनी हातात काय असेल? डोळ्यांना दिसणारी वस्तू लिहा: ८ मुलाखतींचं लेखन, साहित्य आढाव्याची १५ पानं, एका उपकरणावर स्वतः घेतलेली पहिली मापनं. 'वाचन वाढवणे' ही वस्तू नव्हे.

३. पहिलं पाऊल कधी, कुठे? आणि अडलं तर काय? वार, वेळ, जागा. 'गाइड भेटले नाहीत तर' याचं उत्तरही इथेच.

४. कोणाला, कोणत्या दिवशी प्रगती सांगणार? नाव लिहा.

५. काय दिसलं तर मी हे ध्येय बदलीन?

पाचव्या ओळीबद्दल थोडं थांबते, कारण ती लिहायला सगळ्यात जड जाते. आपल्याकडे 'धरलं ते सोडायचं नाही' हा गुण मानतात. कार्स्टन व्रोश आणि सहकाऱ्यांचं २००३ चं संशोधन वेगळं सांगतं. जे ध्येय खरोखर गाठता येण्यासारखं उरलेलं नाही, ते सोडून दुसऱ्या ध्येयाकडे वळणं ज्यांना जमतं, त्यांची मनःस्थिती अधिक बरी असते. ती अट आधीच, शांत डोक्याने लिहून ठेवली, तर वेळ आल्यावर तो पराभव वाटत नाही, आपणच आखलेलं वळण वाटतं.

आणि 'करिअर' कुठे आहे यात?

तुम्ही म्हणाल, ताई, ही तर ३ महिन्यांची यादी झाली. आयुष्याचं ध्येय कुठे गेलं?

ते पानाच्या मागच्या बाजूला. पण तिथेही 'प्राध्यापक होणे' एवढंच लिहून थांबू नका. जागेची जाहिरात कधी निघेल, किती जागा असतील, मुलाखतीत कोण बसेल, यातलं काहीही तुमच्या हातात नाही. जे हातात नाही ते एकमेव ध्येय म्हणून लिहिलं, तर ते वर्षानुवर्षं फक्त आरोपीसारखं आपल्याकडे बघत राहतं.

अमेरिकेत 'सायन्स' या नियतकालिकाच्या करिअर विभागाने २०१२ मध्ये संशोधकांसाठी 'माय-आयडीपी' नावाचं ऑनलाइन साधन सुरू केलं. ते आधी पदाचं नाव विचारत नाही. तुम्हाला काय जमतं, कशात रस आहे, आणि तुम्हाला कशाचं मोल वाटतं, हे विचारतं. मग त्यावरून वेगवेगळ्या वाटा दाखवतं. हे साधन विज्ञान शाखेसाठी आहे, पण तीन प्रश्न सगळ्यांना लागू आहेत.

मी मागच्या बाजूला लिहिलंय ते असं: 'मुलाखत घेणं मला जमतं. आकडेवारी कच्ची आहे, या वर्षी शिकायची. मुलांच्या शिक्षणाशी संबंध तुटणार नाही असं काम हवं. घरी दरमहा पैसे पाठवावे लागतात, त्यामुळे विनावेतन थांबण्याची तयारी ६ महिन्यांपेक्षा जास्त नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना मला लाज वाटली होती. पण तेच वाक्य मला सांगतं की फक्त विद्यापीठातल्या जागेची वाट बघायची नाही, शिक्षणावर काम करणाऱ्या संस्था, सरकारी मूल्यमापनाचे प्रकल्प हेही बघत राहायचं. तुमच्याकडे शेती असेल, आईवडिलांचं आजारपण असेल, लग्नाचा विषय सुरू असेल. करिअरच्या कागदावर हे लिहायचं नसतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जे कागदावर येत नाही, ते नंतर एकदम अंगावर येतं.

त्या दुसऱ्या दसऱ्याला मी घटस्थापनेच्या आधीच गावात पोचले होते. मुकादमाचा ट्रॅक्टर अजून यायचा होता. त्या ओट्यावरच्या आजींनी ओळखलं, आणि आत हाक मारली, "आली गं ती." त्या आठवड्यात माझ्या ११ मुलाखती झाल्या. भिंतीवर आता काही चिकटवलेलं नाही. वही मात्र दर शुक्रवारी उघडते.

आज रात्री तुम्हीही एक पान घ्या. पाचही ओळी भरल्या नाहीत तरी चालेल. तिसरी भरा. वार, वेळ, जागा.